टोमॅटोचा बोकड्या: सातव्या फवारणीआधी एवढं बघा

हातकणंगले तालुक्यातल्या एका बागायतदाराचा प्रश्न थोडक्यात असा: "फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ३० गुंठे टोमॅटो लावला. आज ३५ दिवस झाले. विसाव्या दिवसापासून शेंडे बोकडायला, म्हणजे आकसायला लागले. तेव्हापासून ६ फवारण्या केल्या, शेवटच्या दोन्ही वेळेला तीन-तीन औषधं एकत्र. पांढरी माशी कमी दिसते, पण बोकडलेली झाडं वाढतच चाललीत. आता कुठलं भारी औषध मारू?"

सातवी फवारणी आज करू नका. उद्या सकाळी सातच्या आत मळ्यात जा. ऊन चढलं की पांढरी माशी हात लावायच्या आधीच उडते, गारव्यात मात्र पानाला चिकटून बसलेली सापडते. शेंड्याकडचं तिसरं-चौथं पान देठाला धरून अलगद उलटं करा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पांढरं काही बसलेलं दिसलं तर ती माशी. मग खालची जुनी पानं उलटा. तिथं शिरेच्या कडेला चपटे, फिकट पिवळट ठिपके असतील, जागचे न हलणारे. ती पिल्लं. नुसती माशीच दिसत असेल आणि पिल्लं जवळजवळ नसतीलच, तर माशी बाहेरून येतेय. पिल्लं गच्च असतील तर तिनं तुमच्याच रानात बिऱ्हाड थाटलंय. पुढचं औषध या एका फरकावर ठरणार आहे, म्हणून आधी हे बघा.

आणखी एक बघून या. शेजारी ऊस आहे का, आणि गेल्या महिन्यात त्यात तणनाशक मारलंय का? आपल्याकडे सुरूच्या लागणी आणि खोडव्याची कामं नेमकी याच दिवसांत चालतात. टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी टोमॅटोचं पान नेच्यासारखं अरुंद होतं, देठ पिळवटतो, शेंडा खाली वाकतो आणि लांबून बघणारा व्हायरस म्हणून मोकळा होतो. फरक सोपा आहे. तणनाशकाचा फटका उसाच्या बाजूच्या सऱ्यांना एकदम आणि सारखा बसतो, आत जाल तसा कमी होत जातो, आणि दोन-तीन आठवड्यांत नवी फूट बऱ्यापैकी सरळ येते. बोकड्या मात्र इथं एक झाड, तिथं दोन, असा ठिपक्याठिपक्यानं येतो आणि त्या झाडाची नवी फूट आधीपेक्षा वाईट असते. यात मी स्वतः फसलोय. उसाला वापरलेला पाठीवरचा पंप दोनदा विसळून टोमॅटोला लावला. चार सऱ्या गेल्या, आणि वर आठ दिवस पांढऱ्या माशीचं औषध मारत बसलो. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल रंगाचा पट्टा.

हे दोन्ही बघून बोकड्याच ठरला, असं धरून पुढचं सांगतो.

बोकड्या म्हणजे टोमॅटोचा पर्णगुच्छ. पांढरी माशी पसरवते तो विषाणू. विषाणू झाडात शिरला की त्याला मारणारं औषध बाजारात नाही. दुकानात 'व्हायरस क्लीन'सारखी नावं लिहिलेल्या बाटल्या दिसतील. त्यात बहुतेक वेळा सूक्ष्मअन्नद्रव्यं, सिलिकॉन नाहीतर वनस्पतींचे अर्क असतात. झाड चार दिवस हिरवं दिसतं आणि आपण खूश होतो, एवढंच. तुम्ही मारलेलं प्रत्येक कीटकनाशक माशीवर गेलंय, रोगावर एकही नाही.

मग माशी कमी होऊनही रोग का वाढतोय? माशीनं विषाणू टोचल्यापासून शेंडा आकसलेला दिसेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. आज ३५व्या दिवशी दिसणारी झाडं पंधराव्या-विसाव्या दिवशी टोचली गेलीत. विसाव्या दिवशी जी दिसली ती तर रोपवाटिकेतच किंवा लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पहिली फवारणी केलीत त्याच्या आधीच रोग रानात होता. तुमची औषधं सगळी वाया गेली असं मी म्हणणार नाही, त्यातली एखादी कामाची झालीही असेल, पण तिचा परिणाम आणखी दहा-पंधरा दिवसांनी कळेल. आणि नेमक्या त्याच दहा-पंधरा दिवसांत घाबरून माणूस रोज नवी बाटली आणतो.

आता कीटकनाशक कुठं उपयोगी पडतं आणि कुठं नाही, ते सांगतो. सगळ्या 'व्हायरस'ला एकाच मापानं मोजतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पांढरी माशी विषाणू घेते ती झाडाच्या रसवाहिनीतून. तिथपर्यंत सोंड न्यायला वेळ लागतो. रोगट झाडावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास तरी बसावं लागतं, मग तो विषाणू तिच्या पोटातून रक्तात आणि तिथून लाळेत यायला काही तास, कधी अख्खा दिवस जातो. त्यानंतर निरोगी झाडावर पुन्हा तेवढाच वेळ बसली की काम झालं. एकदा विषाणू घेतलेली माशी बहुतेक आयुष्यभर तो पसरवते. यात आपल्याला धरायला जागा आहे. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात आधीच असेल, तर माशी पोटभर प्यायच्या आत तिचं तोंड बंद होतं. पण ते आधीच असलं पाहिजे. नंतर मारून उपयोग नाही.

माव्याचं उलटं. काकडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, भोपळावर्गीय पिकं यांवर येणारा काकडी मोझॅक विषाणू मावा पसरवतो. या विषाणूला हजाराहून जास्त वनस्पती चालतात, आणि मावा नव्या पानावर बसला की चव बघायला वरच्याच पेशीत सोंड खुपसतो. काही सेकंद ते एखादा मिनिट, तेवढ्यात विषाणू चढतो किंवा उतरतो. जगातलं कुठलंही कीटकनाशक काही सेकंदांत मावा मारत नाही. उलट औषधानं बिथरलेला मावा मरायच्या आधी चार पानं जास्त टोचतो. म्हणून मोझॅकसाठी माव्यावर फवारणी हा बहुतेक वेळा तोट्याचा धंदा. तिथं कामाला येतात त्या वेगळ्या गोष्टी: प्लॉटच्या कडेनं मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी, लावणीच्या आधी दोन-तीन आठवडे पेरलेल्या. उडत आलेला मावा आधी मक्यावर बसतो, तिथं सोंड खुपसतो आणि सोंडेला लागलेला विषाणू मक्यातच पुसला जातो. चंदेरी मल्चिंग पेपरनं मावा खाली उतरायला बिचकतो. खनिज तेलाच्या फवारणीनंही सोंडेवरचा विषाणू चिकटत नाही, पण आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तेल जपून, आणि गंधकाच्या आसपास तर अजिबात नाही, पान भाजतं. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिककडं टोमॅटोला 'तिरंगा' म्हणून (फळ एकसारखं न रंगण्याचा) जो गोंधळ झाला, त्याच्या तपासणीत प्रामुख्यानं हाच काकडी मोझॅक निघाला होता. त्या वेळी लोकांनी माव्यावर आणि माशीवर ज्या फवारण्या केल्या त्यांचा हिशेब घातला तर वाईट वाटतं.

फुलकिड्याची तिसरीच तऱ्हा. टोमॅटोचा शेंडा काळपट-तांबूस होऊन जळतो, खोडावर काळे पट्टे, फळावर गोल कडी. हा भुईमुगाच्या शेंडेमरचाच विषाणू. आपल्या जिल्ह्यात खरिपाला भुईमूग आहेच, तिथून तो येतो. गंमत अशी की फुलकिडा हा विषाणू फक्त पिल्लू असताना घेऊ शकतो. मोठा फुलकिडा रोगट झाडावर कितीही बसला तरी नव्यानं पसरवणारा होत नाही. पण लहानपणी घेतलेला असेल तर मरेपर्यंत पसरवतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्या मोठ्या फुलकिड्यांना औषधानं अडवणं अवघड, पण तुमच्या रानातल्या रोगट झाडावर पिल्लं वाढू दिली नाहीत तर रानातल्या रानात होणारा फैलाव थांबतो. इथं स्पिनोसॅड, स्पिनेटोरामसारखी औषधं आणि रोगट झाड लगेच काढणं, दोन्ही बरोबर चालायला हवं.

वांग्याचा बोकड्या विषाणू नव्हेच, तो तुडतुड्यांनी येणारा फायटोप्लाझ्मा, जिवाणूसारखा एक सूक्ष्मजीव. त्यात पान इवलं इवलं होतं आणि फूल हिरवं पडतं. झाड उपटा, तुडतुडे आवरा, एवढंच.

मिरचीचं मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडच्या जवारी मिरचीवाल्यांचा हा कायमचा प्रश्न आणि सगळे त्याला एकच नाव देतात: चुरडा-मुरडा. पान हातात घ्या. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. झाडाखाली पांढरा कागद धरून शेंडा टिचका, पिवळसर काड्यांसारखे पळताना दिसतील. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल, देठ लांबला असेल आणि पान खालून चकाकत असेल तर कोळी. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, भिंग लागतं. आणि पान लहान, जाड, शिरा उठलेल्या, दोन पानांतलं अंतर कमी होऊन शेंड्याचा गुच्छ झाला असेल तर पांढऱ्या माशीचा विषाणू. पहिल्या दोन्हींत योग्य औषधानं नवी फूट सुधारते. तिसऱ्यात नाही. कोळ्यावर इमिडाक्लोप्रिड मारणारे मी शेकड्यानं बघितलेत. ते कोळ्यावर चालत नाही, मित्रकीटक मात्र मारतं, आणि कोळी आणखी फोफावतो. अर्थात शेतात तिन्ही एकत्र असण्याचीही सवय ठेवा, निसर्ग आपल्या सोयीनं वेगळे पाठवत नाही.

आता तुमच्या टोमॅटोकडं.

तुम्ही तीन औषधं एकत्र मारली. त्यात एखादं पायरेथ्रॉइड होतं का, बाटली बघा: लॅम्बडा, सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, असलं काही. त्यानं माशी तात्पुरती खाली पडते, पण तिला खाणारे ढालकिडे, जाळी विणणारे कोळी, परोपजीवी गांधीलमाश्या सगळं जातं, आणि तीन आठवड्यांनी माशीची पुढची पिढी मोकळं रान बघून दुपटीनं येते. पांढरी माशी अंड्यापासून माशी व्हायला आपल्या उन्हाळ्यात साधारण तीन आठवडे घेते. हा तीन आठवड्यांचा काळ धरून औषधाचा गट (किडीवर काम करायची पद्धत) बदला: एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही नावं तीन असली तरी गट एकच. एक झालं म्हणून दुसरं आणलं, याला बदल म्हणत नाहीत.

सकाळी बघून आलात आणि पिल्लं कमी, माशीच जास्त असेल, तर रसात उतरून तिचं खाणं बंद करणारं हवं. टोमॅटोच्या लेबलवर असलेलं सायॲन्ट्रानिलिप्रोल यात चांगलं काम देतं. पिल्लं गच्च असतील तर स्पायरोमेसिफेनसारखं, पिल्लांवर आणि अंड्यांवर काम करणारं. ते माशीला लगेच पाडत नाही, म्हणून लोक दोन दिवसांत नावं ठेवतात. आठ दिवस थांबून पान उलटं करून बघा. एका वेळी एकच. आणि डोस: टोमॅटोवर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलची शिफारस हेक्टरी १५० ते १७५ मिली, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ५ मिली. झाकणं मोजून १५-२० मिली ओतणारे आहेत. त्यानं माशी जास्त मरत नाही, फक्त जास्त कणखर माश्या मागं उरतात.

नोझल खालून वर धरा. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण माशी, पिल्लं, अंडी सगळं पानाखाली आणि आपला फवारा सगळा पानावर. मजुराला दिवसाला किती पंप मारले यावर मोजलंत तर तो सऱ्यांतून पळणारच. मी पंपावर पैसे द्यायचे सोडून दिले, रोजानं देतो, आणि पहिल्या पंपाला स्वतः बरोबर चालतो. फवारणी संध्याकाळी. फुलं लागली की मधमाशीसाठीही तीच वेळ बरी.

औषधं मिसळण्याचं आणखी एक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यामागं एक कारण नव्हतं, पण तोंड न बांधता तीव्र औषधांची मिश्रणं तासन्‌तास मारणं हे त्यात होतं. तुमच्या तीन-तीनच्या मिश्रणात मोनोक्रोटोफॉससारखं काही घुसलं नसेल अशी आशा करतो. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आहे, तरी जुन्या सवयीनं कुणीतरी देतंच. तोडणी सुरू झाली की लेबलवरचा काढणीपूर्व दिवसांचा आकडा वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. शाहू मार्केट यार्डातून तो टोमॅटो संध्याकाळी कुणाच्यातरी घरात जातो.

रोगट झाडांचं काय? सऱ्यांमधून तिरकं चालत १०० झाडं मोजा, किती बोकडलीत ते लिहा. माझा स्वतःचा हिशेब, विद्यापीठाचा नव्हे: १०० मध्ये १० पर्यंत असतील तर सगळी लगेच काढा. १० ते ३० असतील तर ज्यांना अजून फूल नाही ती काढा, फळं धरलेली ठेवा. त्याच्या वर असतील तर उपटण्याचा आणि माशीवर खर्च करण्याचा दोन्हीचा उपयोग संपला. खत-पाणी नीट ठेवा, लवकर लागलेली फळं काढा आणि प्लॉट वेळेआधी मोडा. उपटायचीही रीत आहे. आधी संध्याकाळी फवारणी, दुसऱ्या दिवशी पहाटे उपटणं. तसंच उपटलंत तर त्या झाडावरची माशी उडून शेजारच्या झाडावर जाते, म्हणजे रोग तुम्हीच वाटला. उपटलेलं झाड रानात ओढत नेऊ नका, जागेवरच युरियाच्या रिकाम्या पोत्यात घाला, तोंड बांधा, मग बांधावर नव्हे, खड्ड्यात.

पुढच्या लावणीचं आताच ठरवा, कारण खरी लढाई रोपवाटिकेत आहे. रोपं ४० ते ५० मेशच्या जाळीत वाढलेली हवीत. रोपवाटिकेत जाल तेव्हा रोपांकडं नंतर बघा, जाळीचे कोपरे आधी बघा. मागं एका रोपवाटिकेत जाळी कोपऱ्याला फाटली होती आणि सुतळीनं आवळून बांधली होती. त्या कोपऱ्याजवळच्या ट्रेमधली रोपं ज्यानं नेली त्याच्याकडं पंधराव्या दिवशी बोकड्या, आतल्या ट्रेवाल्याकडं ४० दिवसांनंतरही तुरळक. लावणीच्या आदल्या दिवशी ट्रेला लेबलप्रमाणे आंतरप्रवाही औषधाची आळवणी करून घ्या. त्यानं पहिले दोन-तीन आठवडे सांभाळले जातात, आणि टोमॅटोत सांभाळायचे ते पहिले ४५ दिवसच. त्यानंतर लागलेलं झाड बऱ्यापैकी माल देतं. भेंडीला बियाण्याची प्रक्रियाच हे काम करते, आणि हळद्याला (भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू) सहनशील वाण घ्या. पण परभणी क्रांती एके काळी हळद्याला खंबीर होती, आता तिच्यावरही येतो, म्हणून वाणाच्या नावावर झोपू नका. टोमॅटोतही बोकड्याला सहनशील संकरित वाण मिळतात, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक त्यातलाच. सहनशील म्हणजे येतच नाही असं नव्हे, माशीचा भार मात्र तो जास्त झेलतो.

एक गैरसमज जाता जाता. उसावर जी पांढरी माशी दिसते तिचा तुमच्या टोमॅटोशी संबंध नाही, ती जात वेगळी, उसावरच जगते. तुमची माशी येते ती सोयाबीन, वांगी, कपाशी, निपाणी-कागलकडच्या तंबाखूवरून, बांधावरच्या गाजर गवत, ओसाडी, पेटारीवरून, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या जुन्या टोमॅटोवरून. दर पडला की तोडणी परवडत नाही, माणूस प्लॉट तसाच सोडतो. पाणी बंद, फवारणी बंद, झाड मात्र महिनाभर हिरवं. ३० गुंठ्यांचा सोडलेला टोमॅटो म्हणजे आख्ख्या शिवाराला माशी आणि विषाणू पुरवणारा कारखाना. तुमच्याकडं सहा फवारण्या होऊनही माशी येत राहिली असेल, तर ती बहुधा तिथून.

यावर एकट्याचा इलाज चालत नाही. २००२ च्या सुमाराला सांगली-कोल्हापुरात उसावर लोकरी मावा आला तेव्हाचं जुन्या माणसांना आठवत असेल. फवारून फवारून लोक थकले, आणि शेवटी तो आवरला डिफा आणि मायक्रोमस या त्याला खाणाऱ्या किडींनी, ज्या गावागावांतून पानं नेऊन सोडल्या गेल्या. त्या वेळी शेजारी-शेजारी बोलत होते. तुमच्या बांधापलीकडचा मालक भेटला तर त्याला दोष देत सुरुवात करू नका, त्याचाही माल मातीमोल गेलाय. ट्रॅक्टरचं अर्ध्या तासाचं भाडं तुम्ही द्या, रोटर तो फिरवेल. तुमच्या सातव्या फवारणीपेक्षा ते स्वस्त पडेल.

उद्या सकाळी जाऊन आलात की तीन गोष्टी कळवा: १०० मध्ये किती झाडं, पानाखाली पिल्लं किती, आणि कुठल्या बाजूच्या सऱ्या जास्त गेल्यात. रिकाम्या बाटल्या फेकल्या नसतील तर त्यांच्यावरची नावंही लिहून पाठवा. गट बघून सांगतो, पुढचं काय घ्यायचं ते.